जॅझ पियानोवादकाने रेगे वादकांबरोबर अल्बम कसा करावा

मी सोलापुरात राहून जॅझ पियानो वाजवतो. गेल्या वर्षी पुण्याहून आणि गोव्याहून आलेल्या तीन रेगे वादकांबरोबर, म्हणजे ड्रम, बेस आणि गिटार वाजवणाऱ्या तिघांबरोबर, आठ रचनांचा एक अल्बम मी पूर्ण केला. त्या कामात ज्या गोष्टी आम्हाला वेळ आणि पैसा खर्च करून समजल्या, त्या असे काम हाती घेणाऱ्या इतरांना अगोदरच माहीत असाव्यात म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे सांगणे मुख्यतः एकच आहे. रेगेमध्ये पियानो आधी तालवाद्य असतो आणि मग स्वरवाद्य. ज्या वादकाला हा क्रम मनापासून मान्य होतो त्याचे जॅझ या संगीतात फार सुंदर मिसळते, आणि ज्याला तो मान्य होत नाही त्याचा पियानो शेवटच्या गाण्यापर्यंत पाहुण्यासारखा बाजूला बसून राहतो.

पूर्वतयारी म्हणून पहिले काम ऐकण्याचे. जॅझ आणि रेगे ही एकमेकांना परकी संगीते नाहीत. रेगेची जन्मभूमी जमैका, आणि तिची राजधानी किंग्स्टन. तिथल्या अल्फा बॉईज स्कूलमध्ये शिकलेले ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड आणि सॅक्सोफोनवादक टॉमी मॅकुक हे मुळात जॅझ वाजवणारे होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्का, म्हणजे रेगेच्या आधीचे जलद जमैकन नृत्यसंगीत, घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याच स्काची गती १९६६ च्या सुमारास मंदावून रॉकस्टेडी आले आणि १९६८ च्या आसपास रेगे हे नाव रूढ झाले. पियानोवादकाने सर्वांत आधी मॉन्टी अलेक्झांडर यांना ऐकावे. १९४४ मध्ये किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या या जॅझ पियानोवादकाने १९९९ मध्ये बॉब मार्ली यांच्या गीतांवर एक अल्बम केला आणि त्यानंतर स्लाय डनबार व रॉबी शेक्सपियर या ड्रम-बेसच्या जोडीबरोबर आणखी एक केला. ऐकताना त्यांच्या सोलोत, म्हणजे एकल वादनात, गुंतून पडू नये. सोलो दुसऱ्या कोणाचा चाललेला असतो तेव्हा पियानो काय करतो, आणि त्याहीपेक्षा काय करत नाही, ते वहीत लिहून काढावे. त्याबरोबर किंग्स्टनच्या स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रणगृहातील जॅकी मिट्टू यांचा ऑर्गनही ऐकावा, कारण रेगेतील कीबोर्डची भाषा घडवणाऱ्यांपैकी ते एक होते.

मोजणी आधी ठरवावी

आमची पहिली संध्याकाळ मोजणीच्या घोळात गेली. मी कागदावर गती १५०, म्हणजे मिनिटाला १५० मात्रा, लिहिली होती आणि ड्रमवादक तेच गाणे ७५ ने मोजत होता. दोघांचेही बरोबर होते, कारण रेगेची मोजणी या दोन्ही पद्धतींनी केली जाते, पण मी "चौथ्या मात्रेवर थांबा" म्हटले की तो भलत्याच जागी थांबत असे, आणि दोन तास आम्ही एकमेकांची चूक शोधत राहिलो. म्हणून पहिल्या सरावाच्या आधीच, चहा घेतानाच, मोजणी कोणती ते ठरवून कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. या लेखात यापुढे मी जलद मोजणी, म्हणजे १५० ची, गृहीत धरली आहे.

या मोजणीत गिटार किंवा पियानोचा तोडलेला ठोका, ज्याला स्कँक म्हणतात, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो. वन ड्रॉप या मूळ ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडलेली असते, आणि किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, व स्नेअरची क्रॉस-स्टिक, म्हणजे लहान ड्रमच्या कडेवर आडव्या काठीचा ठोका, एकत्र तिसऱ्या मात्रेवर पडतात. स्टेपर्स या दुसऱ्या ठेक्यात किक प्रत्येक मात्रेवर चालते, तर रॉकर्स या तिसऱ्यात ती वन ड्रॉपपेक्षा भरलेली असते. जॅझमधून येणाऱ्याला सर्वांत अवघड जाते ती ही रिकामी पहिली मात्रा, कारण आपला हात सवयीने तिथे वजन टाकायला जातो. ज्यांनी लहानपणी भजनात पेटी किंवा तबला वाजवला आहे त्यांना यातून वाट काढता येईल. रूपक तालात समेवरच खाली असते आणि तरीही सम हरवत नाही, उलट ती न वाजल्यामुळेच मनात अधिक पक्की बसते. वन ड्रॉपची पहिली मात्रा तशीच मनात धरायची असते. दोन्ही तालांची घडण वेगळी आहे आणि हे साम्य इथेच संपते, पण मला स्वतःला हा ठेका खऱ्या अर्थाने कळला तो या वाटेने.

त्यानंतर झोलाचा, म्हणजे मात्रेतले ठोके समान अंतरावर न ठेवता डोलवण्याच्या ढबीचा, प्रश्न येतो. जॅझचा झोल, म्हणजे स्विंग, आणि रेगेच्या हाय-हॅटमधील, म्हणजे ड्रमसंचातील झांजांच्या जोडीतील, झोल हे सारखे नसतात, आणि रेगेतही प्रत्येक ड्रमवादकाचा झोल निराळा असतो. बॉब मार्ली यांचे ड्रमवादक कार्लटन बॅरेट यांच्या हाय-हॅटमध्ये मात्रेचे तीन भाग करणारी जी नक्षी ऐकू येते, ती कोणत्याही संगणकीय ठोक्याशी जुळत नाही. म्हणून आपला स्विंग घेऊन जाऊ नये. सरावात पंधरा मिनिटे काहीही न वाजवता फक्त हाय-हॅट ऐकावी, मग एका बोटाने टेबलावर ती नक्षी धरावी, आणि मगच पियानोला हात लावावा.

हाताचे काम

स्कँक वाजवणे दिसायला अत्यंत सोपे आहे. मधल्या सप्तकात तीन स्वरांची कॉर्ड उजव्या हाताने, पेडल न दाबता, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आखूड वाजवायची, एवढेच ते आहे. त्यातली खरी कसोटी पट्टी दाबण्यापेक्षा ती सोडण्यात असते. हात केव्हा उचलला जातो यावर गाणे चालते की खुरडते ते ठरते, आणि दोन ठोक्यांची लांबी केसभर कमीजास्त झाली तरी गिटारवादकाला ते लगेच जाणवते, कारण तोही त्याच जागी वाजवत असतो. यासाठी एक व्यायाम उपयोगी पडतो. मेट्रोनोम ७५ वर लावून त्याचा ठोका पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर आहे असे मानावे, ए मायनर आणि जी मेजर या दोनच कॉर्ड आलटून पालटून दहा मिनिटे वाजवाव्यात, ते मुद्रित करावे आणि संगणकाच्या पडद्यावर ध्वनीचा आलेख मोठा करून प्रत्येक ठोक्याची लांबी पाहावी. पहिल्या आठवड्यात माझे ठोके करवतीच्या दात्यांसारखे लहानमोठे दिसत होते. जॅझमध्ये मी वीस वर्षे जे वाजवत आलो त्यात हा दोष कधी उघडा पडला नव्हता, कारण तिथे प्रत्येक कॉर्ड वेगळ्या लांबीची असणे हाच गुण मानला जातो.

याच्या जोडीला बबल शिकून घ्यावे. हा ऑर्गनचा आकृतिबंध आहे. दोन मात्रांचे चार सारखे भाग करावेत. पहिला भाग रिकामा ठेवावा, दुसऱ्यावर डावा हात, तिसऱ्यावर, म्हणजे स्कँकच्या जागी, उजवा हात आणि चौथ्यावर पुन्हा डावा हात घ्यावा. आवाज इतका खाली ठेवावा की तो आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये, पण बंद केला तर काहीतरी गेले असे वाटावे. पियानोवर स्कँक आणि ऑर्गनच्या ध्वनीवर बबल असे दोन वेगळे थर एकाच वादकाने क्रमाने मुद्रित केले तरी चालतात.

डाव्या हाताविषयी स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. आमच्या तिसऱ्या सरावात एक गाणे काही केल्या उठत नव्हते. बेसवादकाने ते तीनदा थांबवले आणि शेवटी मला शांतपणे म्हणाला, "दादा, डावा हात जरा मांडीवर ठेवा." मी ठेवला. तेच गाणे, त्याच गतीत, त्याच चौघांनी वाजवले आणि ते चालू लागले. रेगेमध्ये बेस ही केवळ खालची बाजू नसून बहुतेक वेळा तीच मुख्य चाल असते. बेस आणि ड्रमच्या अशा जोडाकृतीला जमैकात रिडिम म्हणतात आणि एकाच रिडिमवर अनेक गायक आपापली गाणी बांधतात. त्या चालीच्या सप्तकात पियानोचा डावा हात उतरला की दोघांचेही म्हणणे गढूळ होते. मधल्या 'सी'च्या खालच्या सप्तकापेक्षा खाली जायचे नाही असा नियम मी त्या दिवसापासून पाळला आणि अल्बममध्ये तो फक्त एकदा, एका गाण्याच्या शेवटी, बेस थांबलेला असताना मोडला.

कॉर्ड किती रंगवाव्यात

जॅझ पियानोवादकाला दोन कॉर्डचे गाणे दिले की त्याचे मन लगेच मध्ये चार कॉर्ड घालायला धावते. दोन-पाच-एकची वळणे, बदली कॉर्ड, चढवलेले आणि उतरवलेले पाचवे-नववे स्वर, हे सगळे आपण कष्टाने शिकलेले असतो आणि ते न वापरणे म्हणजे स्वतःला झाकणे असे वाटते. तरीही पहिल्या मसुद्यात त्यांतले काहीही घालू नये. कॉर्ड बदलली की तिचा मूळ स्वर बदलतो, आणि बेसची चाल ज्या मूळ स्वरांवर उभी आहे त्यांना धक्का बसतो. त्याऐवजी बेस जसाच्या तसा ठेवून वरच्या बाजूने रंग भरावा. ए मायनरवर नववा किंवा सहावा स्वर, जी मेजरवर सहावा, कधी कधी चौथ्या स्वरांच्या अंतराने रचलेली उघडी कॉर्ड, एवढ्यानेच गाण्याची छटा पुरेशी बदलते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॅझमध्येच जे मोडल वळण आले, ज्यात एका स्वरसप्तकावर दीर्घकाळ थांबून वाजवतात, ते रेगेला सर्वांत जवळचे आहे. ज्याने डोरियनवर, म्हणजे आपल्या काफी थाटाच्या स्वरांवर, तासभर फिरण्याचा सराव केला आहे त्याला दोन कॉर्ड कमी पडत नाहीत.

एखाद-दुसऱ्या गाण्यात जॅझची पूर्ण मांडणी हवी असेल तर ती मधल्या भागात, ब्रिजमध्ये, आणावी आणि त्या भागासाठी बेसची नवी चाल बेसवादकाकडूनच करवून घ्यावी. आम्ही आठपैकी दोन गाण्यांत असे केले आणि तीच दोन गाणी सर्वांना आपली वाटली.

सोलो

जॅझमध्ये सोलो रंगू लागला की ड्रमवादक त्याला उत्तर देतो, आवाज चढतो, सगळे मिळून एका टोकाला जातात. रेगेमध्ये ठेका आपल्या जागेवरून हलत नाही आणि तसा हलावा अशी अपेक्षाही करू नये. सुरुवातीला मला हा थंडपणा वाटला. नंतर लक्षात आले की खाली जमीन इतकी स्थिर असल्यामुळेच वर कितीही उशिरा, मात्रेच्या कितीही मागे रेलून वाजवता येते. सोलो सोळा आवर्तनांपेक्षा लांबवू नये, वाक्ये ट्रॉम्बोनवादकाला श्वास घ्यावा लागतो तेवढी आखूड ठेवावीत, आणि एक वाक्य वाजवल्यावर निदान एक आवर्तन थांबावे. जलद आणि संथ अशा दोन मोजण्या उपलब्ध असल्याने एक सोय मात्र जरूर घ्यावी. अर्धा सोलो ७५ च्या अंगाने संथ वाजवावा आणि उरलेल्या भागात १५० च्या अंगाने बीबॉपची, म्हणजे जलद जॅझची, ओळ आणावी, म्हणजे ठेका न बदलताही चढण मिळते.

सोलापुरात ध्वनिमुद्रण करताना

आपल्याकडील हवा पियानोसाठी कठीण आहे. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत लाकडी फळी आकसून सूर उतरतो आणि पावसाळ्यात फुगून चढतो, त्यामुळे खरा पियानो वापरायचा असेल तर सूर लावणाऱ्याला बाहेरगावाहून मुद्रणाच्या आदल्या दिवशीच बोलवावे, महिनाभर आधी बोलवून उपयोग नाही. आम्ही वजनदार पट्ट्यांचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो वापरला, आणि स्कँकच्या कामासाठी तो कमी पडला नाही. पूर्व भागात खोली घेतली तर यंत्रमागांची खटखट भिंतीतून आत येते, आणि तिची स्वतःची गती असल्याने ती ठेक्याशी भांडते. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात तर मुद्रणाचा विचारही करू नये. सर्वांत मोठा त्रास विजेच्या गुणगुणण्याचा होतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि बेसचा खालचा 'जी' हा स्वर ४९ हर्ट्झचा, त्यामुळे जी मायनरमधील गाण्यात अर्थिंग नीट नसेल तर ही गुणगुण बेसच्या स्वराला लागून थरथरते आणि मिक्सिंगमध्ये वेगळी काढता येत नाही. आमचे एक पूर्ण गाणे याच कारणाने पुन्हा मुद्रित करावे लागले. खोली ठरवतानाच इलेक्ट्रिशियनला घेऊन जावे आणि नुसता बेस जोडून, कोणी वाजवत नसताना, हेडफोनवर पाच मिनिटे ऐकावे.

मुद्रणाचा क्रम असा ठेवावा की ड्रम आणि बेस एकाच वेळी, एकमेकांना पाहत वाजतील. पियानोने तेव्हा फक्त दिशा दाखवण्यापुरते वाजवावे आणि ते नंतर पुसून टाकायचे आहे हे मनाशी धरावे. पियानोचा अंतिम भाग दुसऱ्या दिवशी, त्या दोघांचे काम पक्के झाल्यावर मुद्रित करावा. जॅझवाल्यांना सर्वांनी एकत्र वाजवण्याची सवय असते आणि मलाही ती सोडणे जड गेले, पण पक्क्या बेसवर वाजवलेला पियानो किती कमी बोलतो हे दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकल्यावर मान्य करावे लागले.

प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर ठेवण्याचे आणखी एक कारण म्हणजे डब. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला किंग टबी यांनी मिक्सिंगच्या टेबलावरच वाद्ये काढून टाकून, परत आणून, प्रतिध्वनीत बुडवून नवे संगीत निर्माण केले. ते मूळचे विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करणारे कारागीर होते. अल्बममध्ये निदान एका गाण्याची डब आवृत्ती असावी आणि त्यात पियानोच्या एकाच कॉर्डला प्रतिध्वनी देऊन बाकीचा पियानो पूर्णपणे काढण्याची तयारी ठेवावी. ७५ च्या मोजणीत एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची असते, म्हणून प्रतिध्वनी ६०० मिलिसेकंदांवर ठेवला तर तो ठेक्याला पाऊण मात्रेने छेदत जातो आणि फार गोड लागतो.

शब्द आणि हक्क

गाणी मराठीत करायची असतील तर जमैकन उच्चारांची नक्कल करू नये, आणि रास्ताफारी श्रद्धेतील शब्द व चिन्हे शोभेसाठी वापरू नयेत. ती एका समाजाच्या उपासनेतील आहेत. रेगे हे किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून, अन्यायाविषयी बोलण्याच्या गरजेतून मोठे झाले आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे शाहिरीची आणि आंबेडकरी जलशांची परंपरा आहे. तिचा सूर आणि शब्दांची धार या ठेक्यावर कृत्रिम वाटत नाही. हलगी वापरण्याचा मोह सोलापूरकराला होणारच, पण तिचा कडक आवाज नेमका स्कँकच्या जागेत घुसतो, म्हणून ती एका गाण्यापुरती, स्कँक थांबवून, वापरावी.

दुसऱ्याचे गाणे घेणार असाल तर भारतीय कॉपीराइट कायद्याचे २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१-सी वाचून घ्यावे. मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटल्याशिवाय त्या तरतुदीखाली नवे मुद्रण करता येत नाही, आधी सूचना द्यावी लागते, प्रत्येक कृतीसाठी वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरावे लागते, आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल संमतीविना करता येत नाही. जॅझ पद्धतीने कॉर्ड बदलणाऱ्याने ही शेवटची अट विशेष लक्षात घ्यावी. स्वतःच्या रचना करणे मला सर्व बाजूंनी श्रेयस्कर वाटते. त्यातही श्रेयाची वाटणी पहिल्या मुद्रणाआधी लेखी करावी आणि बेसची चाल ज्याने बांधली त्याला रचनाकार म्हणून वाटा द्यावा. चाल बेसची आणि नाव फक्त पियानोवादकाचे, असे होता कामा नये. आमच्या आठपैकी पाच रचनांवर बेसवादकाचे नाव आहे.

शेवटचे मिक्स ऐकताना केवळ स्टुडिओतील मोठ्या स्पीकरवर विसंबू नये. बहुतेक लोक ते मोबाइलवर ऐकणार आहेत आणि मोबाइलच्या स्पीकरमधून बेसचे मूळ स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाहीत, तेव्हा बेसच्या वरच्या स्वरांशांना थोडी धार द्यावी आणि पियानोचा दीडशे हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकावा. आम्ही शेवटचा मसुदा एका मित्राच्या रिक्षात, नवी पेठेतून स्टेशनपर्यंत जाताना, भर गर्दीत ऐकला. तिथे तीन गाण्यांत पियानो अजूनही मोठा होता आणि आम्ही तो दोन डेसिबलने खाली आणला.